एक आणि ऐक

मराठीत ‘एक’ आणि ‘ऐक’ या दोन शब्दांत एका मात्रेचे अंतर आहे. हे मला व्याकरणाच्या पुस्तकातून कळले नाही, लिहिताना झालेल्या चुकीतून कळले. बायबलच्या जुन्या करारातील अनुवाद या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायाचे चौथे वचन मी वहीत उतरवून घेत होते. हे इस्राएला, ऐक. परमेश्वर आपला देव, परमेश्वर एक, असा त्याचा आशय आहे. शेवटच्या शब्दापाशी पोहोचले तेव्हा हात सवयीने वर गेला आणि ‘ए’च्या डोक्यावर एक मात्रा पडली. ‘परमेश्वर ऐक.’ मी ती खोडायला गेले आणि थांबले, कारण त्या चुकलेल्या वाक्याला व्याकरण नसले तरी अर्थ होता. ज्या वचनाची सुरुवात ‘ऐक’ने होते आणि शेवट ‘एक’ने, त्यातले हे दोन टोकांचे शब्द एकमेकांत मिसळले म्हणून फारसे बिघडले नव्हते.

अर्थात हा निव्वळ योगायोग आहे. मूळ वचन हिब्रूत आहे आणि तेथील ‘शेमा’ व ‘एहाद’ या शब्दांच्या उच्चारात काहीही साम्य नाही. योगायोगावर धर्मविचार उभारू नये, हे मला मान्य आहे. तरीही त्या दिवसानंतर हे वचन पूर्वीसारखे वाचता आले नाही. तोवर मी ते देवाच्या मोजणीचे विधान समजत होते. देव किती, तर एक. वचनाचे पहिले क्रियापद आज्ञार्थी आहे आणि देवाविषयी काही सांगण्याआधी ते माणसाला कान द्यायला लावते, ही उघड गोष्ट माझ्या नजरेतून इतकी वर्षे सुटली होती.

हिब्रूत हे वचन अवघ्या सहा शब्दांचे आहे. पहिल्या दोन शब्दांत हाक आहे आणि उरलेल्या चारांत क्रियापदच नाही: परमेश्वर, आपला-देव, परमेश्वर, एक. ‘आहे’ कोठे घालायचे हे ज्याने त्याने ठरवायचे असल्यामुळे या चार शब्दांची भाषांतरे वेगवेगळी होतात. कोणी ‘परमेश्वर आपला देव आहे, परमेश्वर एकच आहे’ असे म्हणतो, कोणी ‘आपला देव परमेश्वर हा एकच परमेश्वर आहे’ असे म्हणतो, तर कोणी ‘परमेश्वर हाच आपला देव आहे, केवळ परमेश्वर’ असा अर्थ लावतो. या शेवटच्या वाचनात संख्या जवळजवळ नाहीशी होते आणि निष्ठा उरते. मला तेच वाचन मूळ प्रसंगाला अधिक जवळचे वाटते, कारण लगेच पुढच्या वचनात मोशे लोकांना सांगतो की परमेश्वरावर पूर्ण मनाने, पूर्ण जिवाने आणि पूर्ण शक्तीने प्रीती करा. तेथे ‘शक्ती’साठी आलेला ‘मेओद’ हा शब्द एरवी ‘फार’ किंवा ‘खूप’ या अर्थाने वापरतात. म्हणजे अक्षरशः पाहिले तर ‘तुझ्यातल्या सगळ्या खूपने’ प्रीती कर. देव विभागलेला नाही, तेव्हा तुझे मनही विभागलेले नको, असा हा व्यवहार आहे.

तोराची, म्हणजे बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांची, गुंडाळी हाताने लिहिणारे यहुदी लेखनिक या वचनातील दोन अक्षरे ठरवून मोठी काढतात: ‘शेमा’चे शेवटचे अक्षर आयिन आणि ‘एहाद’चे शेवटचे अक्षर दालेत. ही दोन अक्षरे जोडली की ‘एद’, म्हणजे साक्षीदार, असा शब्द होतो, असे परंपरेने सांगितले जाते. मला मात्र त्या मोठ्या दालेतचे दुसरे स्पष्टीकरण अधिक आवडते. हिब्रूत दालेत आणि रेश ही अक्षरे इतकी सारखी दिसतात की दालेतच्या उजव्या खांद्याचे टोक जरा गोल झाले तरी त्याचा रेश होतो. तसे झाले तर ‘एहाद’ हा शब्द ‘अहेर’ असा वाचला जाईल, आणि ‘अहेर’ म्हणजे दुसरा. निर्गम या पुस्तकाच्या चौतिसाव्या अध्यायात ‘दुसऱ्या कोणत्याही देवाला नमन करू नको’ असे सांगताना याच ‘अहेर’मधला रेश मोठा लिहितात, म्हणजे तेथेही घोटाळा व्हायला नको. लेखनिकाच्या बोरूचे टोक चर्मपत्रभर फिरते, पण या दोन ठिकाणी ते सावध होते, कारण ‘एक’ आणि ‘दुसरा’ यांच्यामध्ये शाईचा एक कोपराच काय तो उभा असतो. माझी मात्रा वहीत चुकली होती. त्याची चूक झाली असती तर पंचाईत मोठी होती.

हे वचन, पहिल्या शब्दावरून ‘शेमा’, सकाळ-संध्याकाळ म्हणण्याचा यहुद्यांचा प्रघात जुना आहे. दुसऱ्या शतकाच्या सुमारास रब्बींमध्ये, म्हणजे त्यांच्या धर्मगुरूंमध्ये, प्रश्न निघाला की शेमाचा हा परिच्छेद आधी आणि आज्ञा पाळण्याविषयीचा परिच्छेद नंतर, असा क्रम का. मिश्ना या त्यांच्या जुन्या धर्मनियमसंग्रहात नोंदवलेले उत्तर असे आहे की माणसाने आधी स्वर्गाच्या राज्याचे जू मानेवर घ्यावे आणि मग आज्ञांचे जू. देव एक आहे असे म्हणणे म्हणजे जू घेणे, ही कल्पना मला प्रथम खटकली. विश्वासाचे वाक्य म्हणताना मान का वाकावी? पण त्यांना ते वाक्य माहितीचे वाटतच नव्हते. राजाच्या दरबारात उभे राहून ‘हा राजा आहे’ असे म्हणणारा माणूस माहिती देत नसतो, तो आपली जागा सांगत असतो.

यासाठी मराठी वाचकाला फार लांब जावे लागत नाही. ‘मुलगा ऐकत नाही’ असे आपण म्हणतो तेव्हा मुलाचे कान तपासून घ्यावेत असे कोणाच्या मनात येत नाही. आपल्याकडे ऐकणे आणि मानणे यांना एकच क्रियापद पुरते. हिब्रूतही तसेच आहे. शमुवेल संदेष्टा शौल राजाला खडसावतो की यज्ञापेक्षा आज्ञापालन बरे, तेव्हा ‘आज्ञापालन’ या जागी मूळ शब्द ‘ऐकणे’ हाच आहे. नव्या कराराच्या ग्रीकमध्येही आज्ञापालनासाठी येणारा ‘हुपाकोए’ हा शब्द ऐकण्याच्या धातूवरूनच तयार झाला आहे. त्यामुळे शास्त्रातील देवाचे एकत्व आणि देवाचा अधिकार हे दोन विषय आहेत असे मला आता वाटत नाही. कोणाचे ऐकायचे, हा एकच प्रश्न आहे, आणि ‘एक’ हे त्याचे उत्तर आहे.

लहानपणी मला हा प्रश्न फार व्यवहारी स्वरूपात ठाऊक होता. आईने नाही म्हटले की बाबांकडे जायचे, बाबांनी नाही म्हटले की आईकडे. दोन सत्ता असल्या की प्रजेला सोय असते. एके दिवशी आईने नाकारलेली गोष्ट मी साळसूदपणे बाबांना विचारली. ते हातातले काम न थांबवता एवढेच म्हणाले, ‘आई काय म्हणाली?’ मी गप्प झाले. त्या क्षणी घरातल्या दोन सत्तांची एक सत्ता झाली, आणि गंमत म्हणजे माणसे मात्र दोनच राहिली. हे उदाहरण देवाला लावता येत नाही हे मला कळते. आई-बाबा म्हणजे देव नव्हे आणि दोघांचे एकमत होणे म्हणजे एक असणेही नव्हे. पण बहुदेवांच्या जगात माणूस नेमके काय करत असे हे मला त्या आठवणीवरून समजते. पावसासाठी एकाकडे, युद्धासाठी दुसऱ्याकडे, आणि एकाने नाकारले तर तिसरा आहेच. अनेक देव असण्याचा माणसाला सर्वांत मोठा फायदा हा की त्याला कोणाचेच शेवटपर्यंत ऐकावे लागत नाही.

शास्त्र देवाच्या अधिकाराविषयी बोलते तेव्हा हा अधिकार माणसांच्या सत्तेचीच मोठी आवृत्ती असेल अशी आपली अपेक्षा असते. तसे होत नाही, आणि ते किती लवकर होत नाही हे शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात दिसते. इस्राएल लोक म्हाताऱ्या शमुवेलाकडे येऊन म्हणतात की इतर राष्ट्रांसारखा आम्हालाही राजा दे. शमुवेल दुखावतो. परमेश्वर त्याला सांगतो की त्यांनी तुला नाही, मला नाकारले आहे; मी त्यांच्यावर राज्य करू नये असे त्यांना वाटते. आता वीज पडणार, असे वाचकाला वाटते. पण त्याच वचनात परमेश्वर शमुवेलाला म्हणतो, ‘लोकांचे ऐक.’ तेथे हिब्रू शब्द तोच आहे: शेमा. ज्या एकाचे लोकांनी ऐकायचे, तो आपल्याला नाकारणाऱ्या लोकांचे ऐकायला सांगतो, आणि अध्याय संपेपर्यंत तीनदा सांगतो. राजा काय करील याची लांबलचक यादीही त्यांना ऐकवली जाते: मुलगे रथांवर नेमील, मुली स्वयंपाकाला नेईल, शेते घेईल, दशमांश घेईल. त्या यादीत ‘घेईल’ हे क्रियापद सारखे येत राहते. लोक ऐकत नाहीत. राजा मिळतो.

या एकत्वाचा सर्वांत ठाम उच्चार विजयाच्या काळातला नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते. यशयाच्या पुस्तकात चाळिसाव्या अध्यायापासून पुढे ‘मीच परमेश्वर आहे, दुसरा कोणी नाही’ हे वाक्य पुन्हा पुन्हा येते. बहुतेक अभ्यासकांच्या मते हे अध्याय बाबेलच्या बंदिवासाच्या काळातले आहेत. यरुशलेम इसवी सनापूर्वी ५८६ च्या सुमारास उद्ध्वस्त झाले होते. मंदिर जळाले, राजाचे डोळे काढून त्याला बेड्या घालून नेले गेले. त्या काळच्या हिशेबाने पाहिले तर ज्याचे मंदिर पडले तो देव हरला. अशा वेळी, सैन्य नाही, भूमी नाही, सिंहासन नाही, त्या लोकांच्या तोंडी हे शब्द येतात की आमच्या देवाशिवाय दुसरा देवच नाही. पुढे इसवी सनापूर्वी ५३९ मध्ये पारसाच्या कोरेश राजाने बाबेल घेतले, आणि पंचेचाळिसावा अध्याय त्या परक्या राजाला परमेश्वराचा ‘अभिषिक्त’ म्हणतो. वर असेही म्हणतो की तू मला ओळखत नाहीस. सत्ता ज्याच्या हातात आहे त्याला ती कोणी दिली हे ठाऊक नाही आणि ज्यांना ते ठाऊक आहे त्यांच्या हातात काहीच नाही. जिंकणाऱ्याने ‘देव एक’ म्हटले तर ती बहुतेक वेळा धमकी असते, हरलेल्याने म्हटले तर त्याला कान द्यावासा वाटतो.

नव्या करारात हे वचन कोठे जाते याचा माग काढायचा तर येशूचे चरित्र सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांपैकी मार्ककृत शुभवर्तमान हातात घ्यावे. मार्क थोडक्यात लिहिणारा आहे, पण ‘एक’ हा ग्रीक शब्द, ‘हेइस’, त्याने तीन ठिकाणी असा ठेवला आहे की वाचकाने थांबावे. पहिली जागा दुसऱ्या अध्यायात आहे. कफर्णहूम येथे घराचे छप्पर उकलून चार जण एका पक्षघाती माणसाला खाली सोडतात आणि येशू त्याला म्हणतो की तुझ्या पापांची क्षमा झाली आहे. तेथे बसलेले शास्त्री, म्हणजे यहुदी नियमशास्त्राचे जाणकार, मनात म्हणतात, पापांची क्षमा कोण करू शकतो, ‘एकावाचून, म्हणजे देवावाचून’? आपल्या शुभवर्तमानात लूकने हाच प्रसंग सांगताना येथे ‘एकटा’ या अर्थाचा सोपा शब्द घातला आहे; मार्कने ‘एक’ ठेवला आहे, आणि शेमा रोज म्हणणाऱ्या कानांना तो ऐकू आल्याशिवाय राहणार नाही. त्यावर येशू त्यांचे तत्त्व खोडत नाही. मनुष्याच्या पुत्राला पृथ्वीवर पापांची क्षमा करण्याचा अधिकार आहे हे तुम्हाला कळावे, असे म्हणून तो त्या माणसाला बाज उचलायला सांगतो. दुसरी जागा दहाव्या अध्यायात, एक माणूस धावत येऊन त्याला ‘उत्तम गुरुजी’ म्हणतो तेव्हा. येशू विचारतो, मला उत्तम का म्हणतोस? ‘एकावाचून, म्हणजे देवावाचून’ कोणी उत्तम नाही. शास्त्र्यांच्या मनातले शब्द आता त्याच्या तोंडी आहेत, जवळजवळ अक्षरशः तेच. पहिल्या ठिकाणी वाचक म्हणतो की हा देवाचा अधिकार स्वतःकडे घेतो आहे. दुसऱ्या ठिकाणी तोच वाचक म्हणतो की हा स्वतःला बाजूला सारतो आहे. मार्क दोन्ही लिहितो आणि मध्ये काही समजावून सांगत नाही. तिसरी जागा बाराव्या अध्यायात आहे. तिच्याकडे शेवटी येते.

या दोन वाक्यांमधली ओढाताण पुढे तीनशे वर्षे चालली, आणि खरे तर अजून चालू आहे. प्रेषित पौलाने करिंथकरांस लिहिलेले पहिले पत्र इसवी सन ५५ च्या आसपासचे, म्हणजे क्रूसाच्या घटनेनंतर सुमारे पंचवीस वर्षांतले आहे. त्याच्या आठव्या अध्यायात तो लिहितो की आपल्याला एकच देव आहे, पिता, ज्याच्यापासून सर्व काही झाले; आणि एकच प्रभू आहे, येशू ख्रिस्त, ज्याच्या द्वारे सर्व काही झाले. शेमाच्या ग्रीक भाषांतरात ‘प्रभू’, ‘देव’ आणि ‘एक’ हेच तीन शब्द होते. पौलाने ते उचलून, त्यांना ‘पिता’ आणि ‘येशू ख्रिस्त’ यांची जोड देत, दोन ओळींत मांडले. त्याला आपण दुसरा देव सांगतो आहोत असे वाटत नव्हते; तो यहुदी होता आणि त्याच परिच्छेदात मूर्ती काही नव्हेत असे बजावत होता. योहानाच्या शुभवर्तमानात येशू म्हणतो, मी आणि पिता एक आहोत. तेथे ग्रीकमध्ये ‘एक’चे नपुंसकलिंगी रूप आहे, म्हणजे ‘एक व्यक्ती’ असे नव्हे. मराठीत ‘एक’ला लिंगच लागत नसल्यामुळे हा बारकावा भाषांतरात हरवतो. आणि त्याच योहानात, चार अध्याय पुढे, ‘पिता माझ्यापेक्षा थोर आहे’ हेही वाक्य आहे.

अलेक्झांड्रियाचा पाळक आरियस याने अशाच वाक्यांवर बोट ठेवून पुत्र ही निर्मिती आहे असे शिकवले. सम्राट कॉन्स्टंटाइनने ३२५ मध्ये निकाया येथे बिशपांची सभा बोलावली आणि सभेने पुत्र पित्याशी ‘होमोऊसिओस’, म्हणजे एकाच सत्त्वाचा आहे, असे ठरवले. हा शब्द शास्त्रात कोठेही नाही, आणि तो मान्य करताना पुष्कळांची जीभ अडखळली. पुढच्या काही दशकांत ‘होमोइऊसिओस’, म्हणजे सारख्या सत्त्वाचा, असा मधला शब्द पुढे आला. दोन शब्दांत फरक एका आयोटाचा, ग्रीकमधल्या सर्वांत लहान अक्षराचा. त्यावरून पुढच्या काळात खूप थट्टा झाली की एका टिंबासाठी जग भांडले. मला ती थट्टा करवत नाही. दालेतचे टोक आणि माझी मात्रा आठवते. ‘तोच’ आणि ‘त्याच्यासारखा’ यांत माणसाने ज्याचे ऐकायचे तोच बदलतो. मात्र निकायाचा खंदा समर्थक अथनेशियस, ज्याला या भांडणात पाचदा हद्दपार व्हावे लागले, त्यानेच पुढे लिहिले की त्या मधल्या शब्दवाल्यांना शत्रू न मानता भावांसारखे समजावून घ्यावे. हे मला त्याच्या तर्कांपेक्षाही जास्त पटते.

मतासाठी अक्षरे घुसडण्याचा मोहही याच वाटेवर आहे. योहानाच्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात ‘स्वर्गात साक्ष देणारे तिघे आहेत आणि हे तिघे एक आहेत’ अशा अर्थाचे वाक्य जुन्या छापील आवृत्त्यांत सापडते. इरास्मस या विद्वानाने ग्रीक नवा करार १५१६ मध्ये छापला तेव्हा त्याला ग्रीक हस्तलिखितांत ते मिळाले नाही, म्हणून त्याने ते घातले नाही; ओरड झाल्यावर १५२२ च्या तिसऱ्या आवृत्तीत घातले. आज बहुतेक भाषांतरे ते गाळतात. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, या त्रैक्यावर विश्वास असूनही मला हे गाळणे योग्य वाटते. ज्याचे ऐकायचे त्याच्या तोंडी आपले वाक्य घालणे, हे ऐकणे नव्हे.

निकायाच्या सभेला दुसरीही एक बाजू आहे आणि ती मला अधिक बोचते. सिझेरियाचा बिशप युसेबियस याने पुढे कॉन्स्टंटाइनच्या राज्यारोहणाला तीस वर्षे झाली तेव्हा त्याच्या गौरवाचे भाषण केले. त्याचा युक्तिवाद साधारण असा होता की जसा स्वर्गात एक देव, तसा पृथ्वीवर एक सम्राट. दिसायला वाक्य डौलदार आहे. पण शमुवेल ते ऐकून चकित झाला असता. शास्त्रात ‘एक देव’ हे वाक्य सिंहासनाला टेकू देण्यापेक्षा त्याला धक्का देण्यासाठी जास्त वेळा आले आहे. दानिएलाचे तीन सोबती नबुखद्नेस्सराच्या सोन्याच्या पुतळ्यापुढे वाकत नाहीत. पेत्र आणि प्रेषित न्यायसभेपुढे सांगतात की मनुष्यांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे. स्मर्ना येथे दुसऱ्या शतकात म्हाताऱ्या बिशप पॉलिकार्पला ‘कैसर (रोमी सम्राट) हा प्रभू’ या अर्थाचे ग्रीकमधले दोन शब्द म्हणण्यास सांगितले गेले. त्याने ते म्हटले नाहीत आणि तो जाळला गेला. रोमी सत्तेला या लोकांचा राग येत होता तो त्यांचा देव एक होता म्हणून नव्हे. त्या एकामुळे कैसराला शेवटचा शब्द मिळत नव्हता. देवांच्या गर्दीत आणखी एक देव आला असता तर रोमने त्याला खुशाल जागा करून दिली असती.

आता रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय माझ्यापुढे कोणीतरी ठेवणार, हे मी जाणते: देवापासून नाही असा अधिकार नाही. हे वाक्य राजांनी फार आवडीने वाचले आहे. पण ते नीट वाचले तर त्यात राजाची अडचण आहे. अधिकार देवापासून असेल, तर तो राजाचा स्वतःचा नाही. तो दिलेला आहे, आणि दिलेल्या वस्तूचा हिशेब असतो. येशू रोमी सुभेदार पिलातासमोर उभा असताना हेच घडते. पिलात म्हणतो, तुला सोडण्याचा आणि क्रूसावर देण्याचा मला अधिकार आहे हे तुला माहीत नाही काय? बांधलेला कैदी उत्तर देतो की वरून दिला नसता तर माझ्यावर तुझा काहीच अधिकार नसता. पिलाताचा अधिकार तो नाकारत नाही. त्याला फक्त उसना म्हणतो.

अधिकाराविषयीचे संपूर्ण शास्त्रातले मला सर्वांत आवडते वाक्य मात्र ना प्रेषिताचे आहे ना संदेष्ट्याचे. ते एका परराष्ट्रीय शताधिपतीचे आहे. त्याचा चाकर आजारी आहे. येशू त्याच्या घरी यायला निघतो, तेव्हा तो म्हणतो की आपण माझ्या छपराखाली यावे अशी माझी योग्यता नाही. नुसता शब्द बोला. आणि मग कारण देतो: मीही ताबेदार माणूस आहे, आणि माझ्या हाताखाली शिपाई आहेत; मी एकाला ‘जा’ म्हणतो आणि तो जातो, दुसऱ्याला ‘ये’ म्हणतो आणि तो येतो. येथे कोणीही ‘मीही अधिकारी आहे’ असे म्हणाले असते. तो ‘मीही ताबेदार आहे’ म्हणतो. शिपाई त्याचे ऐकतात, कारण तो स्वतः वरच्याचे ऐकतो; त्याच्या शब्दामागे त्याचे स्वतःचे बळ नसून पूर्ण साखळी आहे. आणि येशूमध्ये त्याने नेमके हेच ओळखले असावे: हा माणूस कोणाच्या तरी शब्दाबाहेर नाही, म्हणून आजार याच्या शब्दाबाहेर नाही. येशूला या उत्तराचे आश्चर्य वाटले, असे मत्तय आणि लूक दोघेही नोंदवतात. त्याला आश्चर्य वाटल्याचे प्रसंग शुभवर्तमानांत फारच थोडे आहेत.

उलट्या टोकाला सैतानाचे वाक्य आहे. रानातील परीक्षेत तो जगातील राज्ये दाखवून म्हणतो की या सर्वांवरचा अधिकार मला दिलेला आहे, आणि मला वाटेल त्याला मी तो देतो. ‘दिलेला आहे’ एवढे तो कबूल करतो, पण देणाऱ्याचे नाव घेत नाही. तो ‘वाटेल त्याला’ म्हणतो. येशूचे उत्तर अनुवादाच्या सहाव्या अध्यायातून येते, शेमाच्या अवघ्या नऊ वचनांनंतरच्या ओळीतून: परमेश्वर तुझा देव याला नमन कर आणि केवळ त्याचीच उपासना कर. लहानपणापासून जे म्हटले तेच भुकेल्या पोटी आठवले.

योहानाच्या पाचव्या अध्यायात हाच येशू म्हणतो, मला आपण होऊन काही करता येत नाही. जसे मी ऐकतो तसा न्याय करतो. फिलिप्पैकरांस पत्रात पौल यशयाच्या पंचेचाळिसाव्या अध्यायातले ‘प्रत्येक गुडघा टेकेल’ हे शब्द, जे तेथे एकमेव देव स्वतःविषयी बोलतो, येशूला लावतो. पण त्याआधी दोन ओळींवर तो येशूसाठी ‘हुपेकूस’ हा शब्द वापरतो. मराठीत ‘आज्ञापालन करणारा’ असे भाषांतर होते, ते बरोबरच आहे. पण त्या शब्दाच्या पोटात ऐकणे आहे. मरण सोसण्यापर्यंत ऐकणारा. ज्याच्यापुढे गुडघे टेकायचे तो आधी ऐकणारा होता, असे हे जोडकाम आहे, आणि मी जितकी वर्षे हे वाचते तितके ते मला तर्काने कमी आणि कानाने जास्त पटत जाते. डोंगरावर येशूचे रूप पालटले तेव्हा ढगातून आलेल्या वाणीने शिष्यांना एकच आज्ञा केली: याचे ऐका. मार्क पुढे लिहितो की त्यांनी आजूबाजूला पाहिले, तेव्हा एकट्या येशूशिवाय कोणी दिसले नाही.

एक कबुली द्यायची राहिली आहे. देवाच्या एकत्वावर मी एकदा एका जवळच्या व्यक्तीशी तासभर वाद घातला. वचने माझ्याकडे जास्त होती, त्यामुळे मी जिंकले. घरी येऊन याकोबाचे पत्र उघडले ते पुढच्या वेळी उपयोगी पडतील अशी आणखी वचने शोधायला. दुसऱ्या अध्यायात वाक्य होते: देव एक आहे असा तू विश्वास धरतोस काय? बरे करतोस; भुतेही तसा विश्वास धरतात व थरथर कापतात. मी तर कापलेही नव्हते. मग करिंथकरांस पत्राचा तो आठवा अध्याय पुन्हा पाहिला, ज्यातले ‘एक देव, एक प्रभू’ मी वादात दोनदा वापरले होते. पौलाने ते लिहिले होते मूर्तीच्या नैवेद्याच्या मांसावरून, आणि त्याचा निष्कर्ष होता की माझे ज्ञान बरोबर असले तरी त्याने माझा भाऊ अडखळत असेल, तर मी मांसच खाणार नाही. अध्यायाचे पहिलेच वचन म्हणते की ज्ञान फुगवते. ते मी वादात वगळले होते. त्या व्यक्तीला मी दुसऱ्या दिवशी फोन केला, आणि या वेळी तिला बोलू दिले.

मार्काची तिसरी जागा यरुशलेमेच्या मंदिरात आहे. त्याआधीच्या अध्यायात मुख्य याजकांनी येशूला विचारले आहे की हे तू कोणत्या अधिकाराने करतोस, आणि त्याने उलट प्रश्न विचारून त्यांना गप्प केले आहे. कैसराच्या नाण्यावरून वाद झाला, पुनरुत्थानावरून झाला. तेवढ्यात एक शास्त्री येतो. मार्क लिहितो की त्यांचा वाद त्याने ऐकला होता. तो विचारतो, सर्वांत पहिली आज्ञा कोणती? मत्तय आणि लूक अशा प्रसंगी थेट प्रीतीच्या आज्ञेवर येतात. येशूच्या तोंडी शेमाचे पहिले वाक्य ठेवणारा एकटा मार्क आहे. हे इस्राएला, ऐक. शास्त्री म्हणतो, ठीक, गुरुजी, तो एक आहे, त्याच्यावाचून दुसरा नाही हे आपण खरे सांगितले. त्या दिवसभरात येशूशी कोणी सहमत झालेले हे पहिलेच. येशू त्याला म्हणतो की तू देवाच्या राज्यापासून दूर नाहीस. आत आलास असे म्हणत नाही. तो शास्त्री नंतर कोठे गेला, मार्क सांगत नाही.

पुढच्याच वाक्यात येशू एकशे दहाव्या स्तोत्रातले कोडे घालतो: परमेश्वराने माझ्या प्रभूला सांगितले की माझ्या उजवीकडे बस. दावीद स्वतः ज्याला प्रभू म्हणतो तो त्याचा पुत्र कसा? आत्ताच सर्वांनी मान्य केले होते की प्रभू एक आहे, आणि आता ग्रीकमध्ये एकाच ओळीत दोनदा प्रभू, कारण तेथे ‘परमेश्वर’साठीही ‘प्रभू’ हाच शब्द आहे. या प्रश्नाला तेथे कोणी उत्तर देत नाही. येशूही देत नाही. मार्क एवढेच लिहितो की मोठा लोकसमुदाय त्याचे आनंदाने ऐकत होता.